बाहेरचं लाकूड

पाईनचा बाक दोन पावसाळे टिकला.
तिसऱ्या भाद्रपदात सुभद्राबाई त्यावर टेकल्या,
कचऱ्याच्या ढकलगाडीला वीट लावून,
आणि बाक, कुरकूरसुद्धा न करता,
चहात बुडवलेल्या खारीसारखा
त्यांच्यासकट खाली बसला.
त्या हसल्या. मला जमलं नाही.
फाटकाबाहेर बाक ठेवायचा हट्ट माझा होता.

म्हणून भवानी पेठ, टिंबर मार्केट.
रिक्षावाल्यानं कोपऱ्यावरच उतरवलं, पुढे ट्रक आडवा.
भुशाचा वास, आणि करवतीचा तो सूर
जो थांबल्यावर कळतं
आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो.

रवजीभाईंनी आधी चहा मागवला.
"आतलं का बाहेरचं?"
"बाहेरचं. ऊन, पाऊस, सहकारनगर."
"आणि किती वर्षं टिकायला पाहिजे?"

एकतीस वर्षं विम्याच्या कचेरीत
हाच प्रश्न मी तक्त्याला विचारत आले.
वय, वजन, वडील कशानं गेले,
रकान्यात बोट ठेवायचं, आकडा निघायचा.
आता माझं बोट त्यांच्या टेबलाच्या काचेवर,
काचेखाली लक्ष्मी आणि भुजच्या गाडीचं जुनं वेळापत्रक.
"अडुसष्ट," मी म्हणाले.
"अडुसष्ट वर्षं?"
"नाही हो. माझं वय."

बल्लारशाचा साग दाखवला, तेलकट,
नाकाशी धरला तर नव्या चपलेचा वास,
आणि भाव असा की मी चष्मा काढून पुन्हा लावला.
घानाचा साग नावापुरता. कोवळा, कडेनं फिका.
"पांढरं घेऊ नका," गोरखनाथ पांचाळ म्हणाला.
गुण्या पिशवीत टाकून तो माझ्यासोबत आला होता.
"झाड जगतं पांढऱ्यावर. पाणी तिथनंच चढतं,
वाळवीला ते बरोब्बर माहीत असतं.
गाभा केव्हाचाच मेलेला असतो, बाई,
म्हणून टिकतो."
हे त्यानं सहज सांगितलं,
कानामागची पेन्सिल काढता काढता.

ऐन होता वेल्ह्याकडचा, जड, तिरसट,
खिळ्याला दाद न देणारा.
किंजळ होता, दोनच फळ्या, दोन्ही वाकलेल्या.
आणि मागे, पत्र्याखाली,
बाभळीचा ओंडका,
अख्खं वर्ष कुणाच्या तरी विहिरीत बुडवून काढलेला.
"बैलगाड्या गेल्या, गिऱ्हाईक गेलं," रवजीभाई म्हणाले.
मी नख रोवून पाहिलं.
नखच दुखलं.

पांचाळ म्हणाला, लाकडावर सगळं ढकलू नका.
पाय मातीत नको, दगडावर.
फळ्यांमध्ये बोटभर फट.
वरची कड थोडी उतरती, पाणी थांबायला नको.
"भिजून लाकूड कुजत नाही.
न वाळल्यानं कुजतं."
मी ते पावतीमागे लिहून घेतलं.
'न वाळल्यानं'खाली रेघ मारली,
आणि पावती घाईनं पर्समध्ये घातली.

पावतीच्या पुढच्या बाजूला रवजीभाईंचं अक्षर:
बाभूळ, अडीच घनफूट, बाहेरसाठी.
वर्षांचा आकडा द्यायचा राहिलाच.

कुसू बसवताना पांचाळच्या दोन पटाश्या बोथट झाल्या,
त्याचे त्यानं वेगळे पैसे लावले, मी दिले.
जवसाच्या तेलाचे दोन हात,
मग ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस
कुणालाच बसू दिलं नाही,
कुरिअरच्या पोरालाही नाही.

सुभद्राबाई लगेच बसल्या नाहीत.
तळहातानं थोपटलं, गुडघ्यानं ढकलून पाहिलं.
"कुठलं लाकूड?"
"बाभूळ."
"काट्याची?"
"काट्याचीच."
मग बसल्या, अर्ध्याच,
एक पाय गाडीच्या विटेवर ठेवून.